स्प्रिंगा जावयाच्या, बोल्ट सासऱ्यांचे

आखातातले रस्ते असे गुळगुळीत की त्यांवर पोळी लाटावी, असं मला निघण्याआधी निदान तिघांनी सांगितलं होतं. ते खरं आहे. तरीही अबुधाबीच्या विमानतळापासून लेकीच्या घरापर्यंत त्या पोळपाटावरून जाताना माझ्या कमरेला जे हादरे बसले, तसे रत्नागिरी ते चिपळूण एस.टी.च्या मागच्या सीटवरही कधी बसले नव्हते. आखातात जाऊन आलेल्यांकडून वाळवंट, उंट आणि सोन्याची दुकानं यांच्याबद्दल ऐकायला मिळतं. माझ्या या हकिगतीत मुख्यत्वे एक गाडी आहे. त्याला माझा इलाज नाही. उंट मी लांबून पाहिला, आणि गाडीत मी बसले.

आधी कमरेचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच बेतलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या कण्यातली चकती सरकली आणि डॉक्टरांनी मला अख्खा उन्हाळा पाठीवर निजवून ठेवलं. माझा पलंग पश्चिमेच्या खिडकीशी होता. आमच्या घरातून समुद्र दिसतो, हे पाहुण्यांना सांगायला छान वाटतं, पण हलता येत नसताना रोज संध्याकाळी सूर्य बुडताना बघणं ही शिक्षा आहे. आज आणखी एक दिवस गेला, एवढंच तो मला रोज सांगायचा. येणारे जाणारे म्हणायचे, "काय सुंदर सूर्यास्त दिसतो हो तुमच्याकडे!" आणि मी उशीत तोंड घालायची. तेव्हाच ठरवलं होतं की एकदा उठून चालायला लागले की समुद्रातून सूर्य वर येताना पाहायचा. बस, एकदाच. पुरीला जाऊन पाहता आला असता, पण आमच्या ह्यांना एस.टी.चा पास जिथवर चालतो तिथवरच देश आहे असं वाटतं.

मग अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात लेकीनं, अनघानं, आम्हा दोघांना अबुधाबीला बोलावलं. फोनवर तिनं सहज सांगितलं की त्यांच्या देशाला पूर्वेकडेही किनारा आहे, फुजैरा म्हणून गाव आहे, आणि तिथे सूर्य समुद्रातून उगवतो. मी त्याच संध्याकाळी बॅग माळ्यावरून खाली काढली.

आता माणसांची ओळख. आमचे हे म्हणजे एस.टी.च्या कार्यशाळेतले निवृत्त हेड मेकॅनिक. यांनी डेपोत "कोण रे तो!" म्हटलं की फलाटावरची कुत्री उठून जायची. जावई शिरीषराव मेकॅनिकल इंजिनीयर, अबुधाबीजवळच्या मुसफ्फात लोखंडी टाक्या बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला. माणूस सालस, कष्टाळू, आणि सासऱ्यांसमोर शाळेतल्या मुलासारखा हात मागे बांधून उभा राहणारा. आणि हे? अधिक महिन्यात चांदीच्या ताटातून अनारसे दिले तेव्हा यांनी जावयापुढे जी मान वाकवली, ती अजून सरळ झालेली नाही. जावयाशी बोलताना यांचा आवाज इतका मऊ होतो की मला शेजारी दुसरंच कुणी बसलंय असं वाटतं. हे त्यांना "आपण" म्हणतात. ते ह्यांना "हो बाबा" म्हणतात. लग्नाला दहा वर्षं झाली, दोघांमध्ये याच्यापलीकडे एक वाक्य गेलेलं नव्हतं.

विमानतळावरून निघालो तेव्हा शिरीषराव मोठ्या उत्साहानं म्हणाले, "आई, तुमच्या कमरेसाठी गाडीला नवे शॉक ॲब्सॉर्बर घातलेत. स्प्रिंगासुद्धा नव्या. मेकॅनिक विचारत होता, साधं लावू की हेवी ड्यूटी. म्हटलं, आई-बाबा येतायत, हेवी ड्यूटीच लाव."

मी म्हटलं, "कशाला एवढा खर्च केलात?" आणि पुढच्या क्षणी माझे दात एकमेकांवर आपटले.

"काय होतं ते?" मी विचारलं.

"आज्जी, दॅट वॉज जस्ट अ लाइन," नात म्हणाली. नातीचं नाव ईशा, वय आठ. तिला मराठी पूर्ण कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. मी मागे वळून पाहिलं. खरंच, रस्त्यावर रंगानं ओढलेली नुसती पांढरी रेघ होती.

हे पुढच्या सीटवर होते. यांनी कान टवकारलेले मी मागूनसुद्धा ओळखले. चाळीस वर्षं गाड्यांचे पोटातले आवाज ऐकलेला माणूस. शिरीषरावांनी विचारलं, "बाबा, गाडी कशी वाटतेय?"

"उत्तम," हे म्हणाले. "रस्ता थोडा खडबडीत आहे, एवढंच."

मी खिडकीतून पाहिलं. रस्त्यात दिव्यांची प्रतिबिंबं दिसत होती.

खोलीत गेल्यावर मी दार लावलं आणि विचारलं, "खरं काय ते बोला."

"स्प्रिंगा चुकल्येत," हे कुजबुजले. "ओझं वाहायच्या गाडीच्या घातल्येत. मागे सिमेंटच्या चार गोण्या टाकल्या तर चालेल बरी."

"मग सांगा की त्यांना."

"जावयाला? वेड लागलंय काय तुला? हौसेनं घातल्येत त्यांनी, आपल्यासाठी."

"आणि माझी कंबर?"

यांनी दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी शिरीषराव ऑफिसला कंपनीच्या बसनं गेले आणि गाडी इमारतीखाली उभी राहिली. यांना राहवेना. स्प्रिंगांबद्दल बोलता येत नाही, तर निदान बाकीचं घट्ट करून ठेवू, असा यांनी विचार केला. जॅक लावून गाडी उचलली, खाली उताणे झाले, आणि चाकं गाडीला जिथे जोडलेली असतात तिथले सगळे बोल्ट एस.टी.च्या ताकदीनं आवळले. वॉचमन येऊन कौतुक करून गेला. संध्याकाळी जावई आल्यावर हे म्हणाले, "आपली गाडी जॅकवर घेऊन बोल्ट जरा बघून ठेवले." शिरीषरावांचा चेहरा क्षणभर पडल्यासारखा मला वाटला. पण म्हणाले, "अरे वा! थँक्यू बाबा."

त्या दिवसापासून गाडी हादरे देत होती ती देतच राहिली, आणि शिवाय ओरडायला लागली. वळताना कुँई, थांबताना कट्, आणि जरा चढउतार आला की जुन्या झोपाळ्याच्या कड्यांसारखा करकर आवाज. आम्ही कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, फिरायला गेलो तर बाकीच्या गाड्यांतले लोक आमच्याकडे बघायचे. त्यावर चर्चा मात्र भरपूर झाली. शिरीषराव म्हणाले, हवेतल्या दमटपणामुळे असेल. हे म्हणाले, वाळू गेली असेल. शिरीषराव म्हणाले, टायर असतील. हे म्हणाले, "आपण म्हणता तसंच असणार." ग्रीस भरून झालं, टायरमधली हवा तपासून झाली, डिकीतला जॅक फडक्यात गुंडाळून झाला. रोज नवा अंदाज निघायचा आणि रोज माझ्या पाठीला एक नवीन जागा दुखायला लागायची.

बाकी पाहुणचार उत्तम चालला होता, हे सांगायला हवं. सुरमई आमच्या रत्नागिरीसारखी नाही, पण तिला हमूर नावाचा मासा भाऊ म्हणून मिळतो, आणि त्याची आमटी अनघानं अशी केली की हे दोनदा भात घेते झाले. हॉटेलापुढे गाडी थांबवून हॉर्न वाजवला की चहा गाडीत येतो, ही तिथली पद्धत. आपल्याकडे असा हॉर्न वाजवला तर मालक बाहेर येईल, पण चहा घेऊन नाही. आणि यांनी प्रत्येक पाण्याच्या बाटलीची किंमत मोठ्यानं रुपयांत करून सांगायची, आणि मग तहान लागली नाही म्हणायचं, हेही रीतसर चालू होतं.

फुजैराचा बेत गुरुवारी दुपारी निघायचा ठरला. तिकडे शुक्रवारी सुट्टी, आणि शनिवारी रात्री आमचं परतीचं विमान. म्हणजे सूर्योदयाला शुक्रवारची एकच सकाळ. बुधवारी शिरीषराव म्हणाले, "आई, एकदा मुसफ्फाला मेकॅनिकला दाखवून येऊ. प्रवास लांबचा आहे."

मुसफ्फा म्हणजे गॅरेजांचंच गाव. जिकडेतिकडे गाड्यांची उघडी पोटं, वेल्डिंगच्या ठिणग्या, आणि दारादारात टायरांचे मनोरे. आमचा मेकॅनिक नूरखान, पेशावरकडचा, दाढीवाला, आवाज असा की गाडीच दचकावी. त्यानं मला मोठ्या अदबीनं टायरांच्या एका ढिगाला पाठ करून खुर्ची दिली आणि सुलेमानी, म्हणजे दुधाविना चहा, आणवला. मग गाडीचा एक फेरफटका मारून आला, खाली वाकून पाहिलं, आणि तोंड उघडणार इतक्यात हे म्हणाले, "भाई, जरा इधर आव."

हे त्याला घेऊन गेले ते नेमके माझ्या मागच्या ढिगापलीकडे. टायर काही भिंत नव्हे. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"देखो भाई," हे आपल्या रत्नागिरी हिंदीत म्हणाले, "स्प्रिंग गलत है, मेरे को मालूम है. लेकिन तुम उसका नाम नहीं निकालने का. जमाई है हमारा. उसको खराब लगेगा."

"ठीक है, चाचा," नूरखान म्हणाला.

हे परत आले, खिशातून रुमाल काढून घाम पुसला, आणि शांतपणे उभे राहिले. तेवढ्यात शिरीषराव म्हणाले, "खानसाब, एक मिनिट," आणि त्याला घेऊन त्याच ढिगामागे गेले.

"खानसाब, बोल्ट उन्होंने गाड़ी लटका के टाइट किये हैं. बुश सब मरोड़े गये. मुझे पता है. पर आप प्लीज़ उनके सामने कुछ मत बोलना. ससुर हैं मेरे."

मी सुलेमानीचा पेला खाली ठेवला. बुश म्हणजे काय ते मला अनघानं नंतर समजावलं. त्या सांध्यांमध्ये रबराचे तुकडे असतात. गाडी जमिनीवर उभी असताना बोल्ट आवळायचे, म्हणजे रबर सरळ राहतं. गाडी जॅकवर लटकत असताना आवळले की रबर तसंच पकडलं जातं, आणि चाकं टेकली की कायम पिरगळलेलं राहतं. मग ते ओरडतं आणि गाडीही ताठ होते. एस.टी.ला पितळी बुश, कसेही आवळले तरी सोसतात. या गाडीला ते सोसलं नव्हतं.

म्हणजे चूक दोघांची होती, दोघांनाही दुसऱ्याची माहीत होती, आणि दोघंही दुसऱ्याचा मान राखत होते. आणि तो मान माझ्या मणक्यांवर ठेवलेला होता.

नूरखान ढिगामागून बाहेर आला. बिचाऱ्यानं एकदा सासऱ्याकडे पाहिलं, एकदा जावयाकडे. दोघंही डोळ्यांनी त्याला विनवत होते. त्यानं गाडीच्या टपावर थाप मारली आणि जाहीर केलं, "गाड़ी एकदम अव्वल है. सड़क थोड़ा खराब है."

"बघा, मी म्हटलंच होतं," हे म्हणाले.

"हो बाबा," शिरीषराव म्हणाले.

घरी आल्यावर मी अनघाला स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगितलं. ती हसून हसून ओट्याला टेकली, आणि मग एकदम गंभीर झाली. "आई, तू काही बोलू नकोस हं. शिरीष फार मनाला लावून घेतो. बाबांना वाईट वाटलं तर तो महिनाभर जेवणार नाही."

"आणि तुझे बाबा पण तसेच," मी म्हटलं. मी गप्प बसायचं कबूल केलं. माझ्या आयुष्यात मी दिलेला हा सगळ्यात महाग शब्द.

गुरुवारी निघताना हे म्हणाले, "शिरीषराव, तिकडे आपल्या मित्रांकडे रिकाम्या हातानं कसं जायचं? तांदळाच्या चार मोठ्या गोण्या घेऊया का?" यांच्या मनात डिकीत वजन पडलं की स्प्रिंगा मऊ होतील असं होतं. शिरीषरावांचे मित्र फुजैराच्या बंदरावर नोकरीला, एकटे राहणारे, रोज बाहेर जेवणारे. पण जावई म्हणाले, "हो बाबा." आम्ही तांदूळ घेतले. गाडीचं मागचं अंग रस्त्याला टेकायला आलं आणि खरंच दुबईपर्यंत जरा बरं वाटलं.

दुबई, शारजा मागे पडली आणि वाळवंट लागलं. वाळू मी पिवळी समजत होते, ती तिकडे तांबडी असते, विटेच्या भुग्यासारखी. मधूनच एखादं काटेरी झाड आणि त्याच्याखाली उंट, सावलीला नव्हे, सावली नसतेच, नुसती सवय म्हणून उभा. ईशाला उंटाचं काही नाही. ती म्हणाली, "इट्स जस्ट अ कॅमल, आज्जी." मग डोंगर सुरू झाले. आपले डोंगर अंगावर काहीतरी घालून असतात, गवत, झाडी, निदान शेवाळ. हे पार उघडे, काळेकभिन्न, सुरकुतलेले. सुंदर होते. पण डोंगर म्हटला की चढउतार आला, आणि गाडी चढाला कुँई आणि उताराला कट् करू लागली. मी दोन उशा पाठीशी, एक मांडीखाली आणि अनघाचा हात हातात, अशी बसले होते.

मसाफी नावाच्या गावी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाजार भरतो, गालिचे, फळं, मातीच्या कुंड्या. तिथे वाहनांनी हळू जावं म्हणून उंचवटे केलेले आहेत. पहिल्याच उंचवट्यावर माझ्या कमरेत चमक निघाली ती पायाच्या अंगठ्यापर्यंत. मी ओरडले. गाडी थांबली. मला धरून उतरवलं, पण बसता येईना, उभं राहता येईना. समोर दुकानापुढे गालिचे पसरलेले होते. मी सरळ त्यातल्या एकावर आडवी झाले.

दुकानदार धावत आला. मला वाटलं, आता हाकलतो. पण तो हात जोडून म्हणाला, "माताजी, ये तुर्की है. उधर ईरानी है, उस पर भी लेट के देखो. ज़्यादा नरम है."

वरून यांचा आणि शिरीषरावांचा चेहरा माझ्यावर वाकलेला. दोघंही कासावीस. हे म्हणाले, "फुजैरा राहू दे. परत फिरू. सूर्य काय, कुठूनही दिसतो."

शिरीषराव म्हणाले, "हो बाबा."

मला त्या "हो बाबा"नं पेटवलं. गालिच्यावर उताणी पडूनच मी तोंड सोडलं. "बास झालं! खलास! हे बघा शिरीषराव, तुमच्या स्प्रिंगा ट्रकच्या आहेत, हे ह्यांना पहिल्या रात्रीपासून माहीत आहे. आणि अहो, तुम्ही गाडी लटकवून बोल्ट आवळलेत ते चुकलंय, हे शिरीषरावांना पहिल्या संध्याकाळपासून माहीत आहे. त्या नूरखानालासुद्धा माहीत आहे. दोघांनी त्याला टायरमागे नेऊन गप्प केलंत, आणि मी पलीकडे चहा पीत होते. तुम्ही एकमेकांची मनं सांभाळा, मी कंबर मोडून घेते. पण मी इथून मागे जाणार नाही. मला सूर्य उगवताना बघायचाय!"

गालिचेवाल्याला मराठी येत नव्हतं, पण तो दोन पावलं मागे सरकला. अनघा कुंड्यांकडे बघत होती. ईशा म्हणाली, "वॉव, आज्जी."

त्यानंतर फुजैरापर्यंत गाडीत कुणी चकार शब्द काढला नाही. गाडी तेवढी बोलत होती. मला मागच्या सीटवर आडवं घातलं होतं, अनघा आणि ईशा पुढे एका सीटवर कोंबून बसल्या, आणि हे माझ्या पायाशी अंग चोरून. यांनी सगळा वेळ माझी पावलं मांडीवर धरून ठेवली होती, हादरा बसू नये म्हणून. मला राग होता, तरी ते कळत होतं.

राहायची सोय त्या मित्रांच्या कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये होती. तांदूळ पाहून शिरीषरावांचे मित्र बुचकळ्यात पडले, पण घेतले. खोली चांगली होती, फक्त खिडकी डोंगराकडे होती, म्हणजे पश्चिमेला. माझ्या नशिबात तीच दिशा. समुद्र जवळच, पण चालत जाण्याजोगा नाही, निदान मला नाही. आणि त्या गाडीत पुन्हा बसायला माझी कंबर तयार नव्हती. अनघानं पाठीला शेक दिला. हे म्हणाले, "उद्याचं उद्या बघू." मी भिंतीकडे तोंड केलं. खरं सांगायचं तर रडले. एवढ्या हौसेनं इतकं लांब यायचं आणि पुन्हा मावळतीच्या खिडकीशी निजायचं, हे मला सोसेना.

पहाटे जाग आली ती खिडकीखाली चाललेल्या भांडणानं. आधी वाटलं स्वप्न आहे, कारण डेपोतला तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"अरे, पान्हा कसा धरतात ते तू मला शिकवणार? तू चड्डीत होतास तेव्हा मी इंजिनं उतरवत होतो!"

"एस.टी.ची, बाबा, एस.टी.ची! ही कार आहे! आता हात काढा, गाडी चाकांवर आहे, आधी सगळं सैल करू, मग आवळायचं. आणि एवढा जोर नाही लावायचा!"

"जोराचं मला सांगतोस? आणि ट्रकच्या स्प्रिंगा घालताना कुठे गेली होती तुझी अक्कल?"

"तुमच्यासाठी घातल्या!"

"मग बोल्ट काय मी माझ्यासाठी आवळले?"

पान्हा फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. मग यांचा आवाज आला, "दे तो सतराचा पान्हा इकडे." आणि शिरीषराव म्हणाले, "घ्या. तो बोल्ट तुम्ही करा, हा मी करतो."

अनघा माझ्या उशाशी येऊन बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "दहा वर्षांत पहिल्यांदा भांडले गं," ती म्हणाली.

थोड्या वेळानं दोघं वर आले. यांच्या नव्या शर्टाला तेलाचे पट्टे, शिरीषरावांच्या कपाळाला काळं, आणि दोघांचे चेहरे परीक्षा दिलेल्या पोरांसारखे. गाडीच्या दोन्ही बाजू आळीपाळीनं फुटपाथच्या कडेवर चढवून, खाली शिरून, त्यांनी सगळे बोल्ट चाकांवर भार असताना पुन्हा आवळले होते. टायरांतली थोडी हवा काढली होती. स्प्रिंगांचं इथे काही करता येण्याजोगं नव्हतं. हे म्हणाले, "चल. नाही सोसलं तर तिथून परत आणतो. उचलून आणतो."

मला खुर्चीत बसवून दोघांनी खाली नेलं आणि पुढच्या सीटवर ठेवलं. गाडी निघाली. मी डोळे मिटून, दोन्ही मुठी आवळून वाट बघत होते. कुँई नाही, कट् नाही, करकर नाही. एक उंचवटा आला, शिरीषरावांनी गाडी त्याच्यावर अशी चढवली की मला फक्त पाळणा हलल्यासारखं वाटलं. अजून ताठ होती, पण माणसाची होती. मी एक मूठ सोडली.

किनाऱ्याशी तोंड समुद्राकडे करून गाडी उभी केली. उतरणं मला शक्यच नव्हतं. समोर पाणी, पाण्यावर तेल भरायला थांबलेल्या बोटींच्या रांगा, त्यांचे दिवे एकेक विझत चाललेले. आकाश उजळत होतं. आणि तेवढ्यात माझ्यासमोरची काच पांढरी झाली. तिकडे थंडीत पहाटे दव पडतं आणि काचेवर धुक्याची साय बसते. मला समोर केशरी डागाखेरीज काही दिसेना. शिरीषरावांनी काच पुसायचे वायपर लावले, तर रात्रीच्या धुळीचा त्यात चिखल झाला आणि उरलंसुरलं तेही गेलं.

"थांब, थांब!" म्हणत हे उडी मारून उतरले. शिरीषरावही उतरले. यांनी रुमाल काढला, शिरीषरावांनी स्वतःचा शर्ट काढला, आणि दोघं माझ्या काचेवर तुटून पडले.

"बाबा, वरून खाली पुसा, फराटे उठतायत!"

"अरे तू तुझी बाजू बघ! तेलाचा हात लावू नकोस काचेला!"

"तुमचाच हात आहे तो!"

काच लख्ख झाली. आणि त्या लख्ख काचेपुढे, सूर्याच्या अगदी समोर, दोघं उभे राहून एकमेकांना फराटे दाखवत होते. एक बनियनमधला, एक तेलकट शर्टातला, दोन भरलेली पोटं, आणि त्यांच्यामध्ये वीतभर फट.

मागून ईशा म्हणाली, "आज्जी, दे आर ब्लॉकिंग इट!" अनघा दार उघडायला निघाली. मी तिचा हात धरला.

त्या फटीतून आधी एक लाल कड दिसली. मग ती कड गोल झाली आणि पाण्यापासून सुटली. मी पाहिलं. रत्नागिरीला परत आल्यापासून सगळे विचारतात, कसा होता हो समुद्रातला सूर्योदय? मी सांगते, वीतभर होता. दोन्हीकडून माझीच माणसं होती, म्हणून सरका म्हटलं नाही.